आयुष्यभराची जामीनकी

लोइस बर्नहॅम या अमेरिकन तरुणीचा विवाह १९१८ च्या जानेवारीत बिल विल्सन याच्याशी झाला, आणि नवऱ्याचे मद्यपान जसजसे वाढत गेले तसतसे ते सोडवणे हेच तिच्या आयुष्याचे एकमेव प्रयोजन होऊन बसले. शहरातल्या मित्रमंडळींपासून तो दूर राहावा म्हणून ती त्याच्याबरोबर मोटारसायकलवरून गावोगाव हिंडली. घरच्या बायबलच्या पानावर त्याने लिहून दिलेल्या शपथांवर तिने दर वेळी नव्याने विश्वास ठेवला. आणि पुढे तो पुरता बेकार झाला तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील आपल्या वडिलांच्या घरात बिऱ्हाड थाटून, एका मोठ्या दुकानात नोकरी धरून, तिने एकटीच्या पगारावर संसार चालवला. १९३४ च्या डिसेंबरात बिलची दारू खरोखरच सुटली, आणि १९३५ च्या जूनमध्ये त्याने ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्यासह ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या आज जगभर पसरलेल्या संघटनेचा पाया घातला. याच काळातील एका दिवशी बिलने तिला सभेला निघण्याची घाई केली, तेव्हा या शांत, सोशिक स्त्रीने पायातला बूट काढून नवऱ्याच्या दिशेने भिरकावला आणि त्याच्या सभांना तोंडभर शिव्याशाप दिले.

इतकी वर्षे जे मागितले ते पदरात पडल्यावर हा संताप कशाचा, हा प्रश्न इतरांच्या आधी खुद्द लोइसलाच पडला. तिने पुढे प्रांजळपणे सांगितलेले उत्तर असे की, जे कार्य तिने आपले आयुष्य खर्चून साधले नाही ते बाहेरच्या माणसांनी अल्पावधीत साधले, याचे तिला विलक्षण शल्य वाटत होते. आणि त्याहून खोल गोष्ट ही की, नवऱ्याला सांभाळण्याचे काम हातातून गेल्यावर स्वतःच्या आयुष्याचे काय करावे हेच तिला उमगत नव्हते. अशा सभांना येणाऱ्या पुरुषांच्या बायका बाहेर मोटारीत किंवा आत स्वयंपाकघरात ताटकळत बसलेल्या तिला दिसत, आणि त्यांच्याशी बोलताना आपली अवस्था एकटीची नाही याचा तिला प्रत्यय येऊ लागला. १९५१ साली तिने व अ‍ॅन बी. या मैत्रिणीने, मूळ संघटनेच्या कचेरीत साठलेल्या ८७ कुटुंबगटांच्या व चौकशी करणाऱ्यांच्या यादीवरून पत्रे पाठवली, आणि त्यातून ‘अल-अ‍ॅनॉन’ ही व्यसनी माणसांच्या आप्तेष्टांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. तिथे नव्याने येणाऱ्याला पहिल्यांदा तीन गोष्टी सांगतात: हे व्यसन तुमच्यामुळे जडलेले नाही, ते तुमच्या ताब्यात राहणार नाही, आणि ते बरे करणेही तुमच्या हाती नाही. वरवर पाहता यात निराशेखेरीज काही नाही. पण ज्या स्त्रीने वीस वर्षे या तिन्ही गोष्टींचा भार वाहिला आहे तिला हे ऐकून रडू कोसळते, आणि ते रडू दुःखाचे नसते.

या अवस्थेला पुढे इंग्रजीत ‘कोडिपेंडन्सी’ असे नाव पडले. मराठीत तिला सहावलंबन म्हणतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिनेसोटा राज्यातील व्यसनोपचार केंद्रांतून हा शब्द रूढ झाला आणि १९८६ साली मेलडी बीटी यांच्या ‘कोडिपेंडंट नो मोअर’ या पुस्तकाने तो घराघरांत नेला. त्याच वर्षी टिमेन सर्माक या मनोविकारतज्ज्ञांनी सहावलंबनाची गणना मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात व्हावी असा प्रस्ताव मांडला. तो मान्य झाला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. त्याची कारणे पुढे येतील. आधी ही अवस्था घरात कशी मुरते ते पाहू.

पहिला दिवस अगदी साधा असतो. रात्री फार झाल्यामुळे नवऱ्याला सकाळी उठवत नाही, आणि सासूबाई म्हणतात, “कळवून टाक गं कचेरीत, ताप आलाय म्हणून. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” ती कळवते. एका दिवसाचे खोटे कोणाच्या जिवावर उठत नाही, आणि नोकरी गेली तर चूल कशी पेटायची हा विचारही रास्तच असतो. पुढच्या महिन्यात रजेचा अर्ज तीच लिहिते, खाली सही तेवढी त्याची घेते. त्याच्या पुढच्या महिन्यात साहेबांकडे रदबदली करायला स्वतः जाते. वाण्याची उधारी थकते तेव्हा ती शिवणकामाचे पैसे भरते. पतपेढीचा तगादा येतो तेव्हा बांगड्या तारण पडतात. आणि लग्नसमारंभात त्याने गोंधळ घातला की दुसऱ्या दिवशी सर्व नातलगांना फोन करून, “अलीकडे त्यांच्यावर कामाचा फार ताण आहे हो,” अशी कैफियत तीच मांडते. यातले एकेक कृत्य वेगळे काढून पाहिले तर कोणतीही समंजस गृहिणी तेच करील असे वाटते. दोष त्यांच्या मालिकेत असतो. एखाद्या ऋणकोला एकदा जामीन राहिलेल्या माणसाने दर हप्ता मुकाट्याने स्वतः भरावा, धनकोने ऋणकोला नोटीससुद्धा धाडू नये, आणि ऋणकोला आपण कोणाचे काही देणे लागतो याचा हळूहळू विसर पडावा, तसा हा व्यवहार होतो. दारूची किंमत घरातले प्रत्येक माणूस मोजते; ज्याला ती जाणवायला हवी त्याच्यापर्यंत तिची झळ पोहोचत नाही.

या जामीनकीची खरी वसुली पैशांत होत नाही, चित्तात होते. संध्याकाळी सात वाजल्यापासून त्या गृहिणीचे कान जिन्याकडे लागलेले असतात. तिसऱ्या पायरीवर पाऊल कसे पडले, चप्पल काढताना हात भिंतीला टेकला की नाही, किल्ली कुलपात पहिल्या फटक्यात शिरली की खरवडत राहिली, यावरून त्या रात्रीचा सर्व अंदाज तिला दार उघडण्यापूर्वी आलेला असतो. त्या अंदाजानुसार मुलांना आतल्या खोलीत झोपवायचे, दूरदर्शन संचाचा आवाज कमी करायचा, जेवण गरम करायचे की झाकून ठेवायचे, हे क्षणार्धात ठरते. तिला तुम्ही विचारा की आज तुला स्वतःला काय खावेसे वाटते, तर ती गोंधळून तुमच्याकडे पाहील. कारण दुसऱ्याच्या मनःस्थितीचा इतका सूक्ष्म वेध घेता घेता स्वतःची भूक, स्वतःचा कंटाळा, स्वतःचा राग ओळखण्याची सवय मोडून गेलेली असते. तो प्यायला तर तिचा दिवस वाईट, तो न प्यायला तर चांगला. तिच्या सुखदुःखाची मुखत्यारी संपूर्णपणे त्याच्याकडे गेलेली असते. सहावलंबन म्हणतात ते हे. केंद्र शासनाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करवून घेतलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या देशात सुमारे १६ कोटी माणसे मद्य घेतात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना त्यापायी मदतीची गरज आहे. त्या प्रत्येकाच्या घरात असे कान लावून बसलेले निदान एक तरी माणूस असणार, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

मुलांचे तर काय सांगावे! थोरली मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षीच घरची कारभारीण होते, धाकट्याचा अभ्यास घेते, आईची समजूत काढते आणि शाळेत पहिला क्रमांक सोडत नाही. सगळे तिचे कौतुक करतात, आणि त्या कौतुकामुळेच तिच्या बालपणाची झालेली हानी कोणाच्या नजरेस येत नाही. कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक मरे बोवेन यांनी दाखवून दिले आहे की, दोन माणसांतील ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढून तो हलका करण्याकडे कुटुंबाचा स्वाभाविक कल असतो, आणि हा तिसरा बहुधा घरातले सर्वांत हळवे मूल असते. “बाबांना सांग, जेवण झालंय,” आणि “आईला सांग, मला भूक नाही,” हे निरोप एकाच स्वयंपाकघरात दहा फुटांच्या अंतरावर पोहोचवणारे मूल मोठेपणीही माणसामाणसांतले निरोप्येपण सोडू शकत नाही. दारूचा थेंब नसलेल्या घरांतही हेच अन्य रूपांत आढळते: चाळिशीच्या मुलाचे क्रेडिट कार्डाचे देणे निवृत्तिवेतनातून दरमहा गुपचूप भागवणारे वडील, किंवा आईच्या चेहऱ्यावरची आठी पाहून स्वतःच्या लग्नाचा निर्णय फिरवणारी मुलगी, यांची गणना याच पंक्तीत करावी लागते.

आपल्या मराठी मनाने या अवस्थेकडे आजवर आदरानेच पाहिले आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले, बालगंधर्वांनी सिंधू उभी केली, आणि श्रीमंत माहेराचा आधार नाकारून, दळण दळून, व्यसनाधीन सुधाकराचा संसार रेटणारी ती साध्वी पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी उभे करत आली. गडकऱ्यांना तिच्या सहनशीलतेचा शेवट ठाऊक नव्हता असे नव्हे. तिचे मूल जाते, ती जाते, आणि सुधाकरही वाचत नाही, इतके निर्दयपणे त्यांनी ते लिहिले आहे. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, जी फटकळ तोंडाने नवऱ्याचे व्यसन चारचौघांत उघडे पाडते. परंतु तिच्या वाट्याला आला हशा, आणि सिंधूच्या वाट्याला आली पूजा. शंभर वर्षांनंतर हे नाटक वाचताना मला वाटते की आपण प्रेक्षकांनी सिंधूचा शेवट पाहून रडावे आणि घरी येऊन लेकीला मात्र सिंधूसारखे वागण्याचा उपदेश करावा, हा त्या नाटकाचा फार अपुरा अर्थ झाला.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणी म्हणेल, ही सारी पाश्चात्त्य व्यक्तिवादाची परिभाषा आहे; आपल्याकडे माणूस कुटुंबात जन्मतो, कुटुंबाने वाढतो, आजारपणात भावजय उशाशी बसते आणि दिराच्या मुलीचे लग्न काकांच्या भविष्यनिर्वाह निधीतून होते, आणि यात लाजण्यासारखे काहीच नाही. हे खरे आहे. अ‍ॅलन रोलँड या अमेरिकन मनोविश्लेषकाने भारतात व जपानात रुग्णांबरोबर काम केल्यावर १९८८ च्या आपल्या ग्रंथात असेच प्रतिपादन केले की, भारतीय माणसाचा ‘स्व’ हा कुटुंबात गुंफलेला असतो आणि त्याला अमेरिकन मोजपट्टी लावून अपक्व ठरवणे चूक आहे. दुसरीकडे स्त्रीवादी विदुषींनी या संकल्पनेवर असा आरोप ठेवला की, पुरुषाच्या दारूने मोडलेल्या घरात स्त्रीने जीव टाकून जे सावरले त्यालाच तिचा आजार म्हणणे म्हणजे अन्याय सोसणाऱ्यावरच दोषारोप ठेवणे आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड, मेक्सिको आणि ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी समाज अशा तीन अगदी भिन्न ठिकाणी व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आजारी माणसे आढळली नाहीत. असामान्य ताणाखाली सापडलेली सामान्य माणसे आढळली, जी कधी सोसत होती, कधी सामना करत होती आणि कधी अंतर राखत होती.

मला हाच पक्ष सत्याच्या अधिक जवळचा वाटतो. नवऱ्याच्या उशाशी बसणारी स्त्री रोगी नाही, आणि तिच्या मायेवर कोणत्याही शास्त्राने इलाज करू नये. पण माया करणे आणि दुसऱ्याच्या कृत्याचे उत्तरदायित्व आपल्या शिरावर घेणे या दोन गोष्टी आपल्या घरांत इतक्या एकजीव झाल्या आहेत की, दुसरी सोडली तर पहिली आटली असे लोक समजतात. त्या विलग करता येतात, आणि त्या विलग झाल्यावर माया मोकळी होते, हे या लेखाचे म्हणणे आहे. आजारी नवऱ्याला पेज करून देणे ही माया. प्यालेल्या नवऱ्याला ताप आला आहे असे साहेबांना सांगणे ही जामीनकी.

ती सोडवायची कशी, याबाबत सुदैवाने आता नुसत्या उपदेशावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठातील रॉबर्ट मेयर्स यांनी कुटुंबीयांना शिकवण्याची एक पद्धत विकसित केली, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची तुलना अन्य दोन पद्धतींशी करण्यात आली. उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या १३० आप्तांना तीन गटांत विभागले होते: एका गटाला मेयर्स यांची पद्धत शिकवली, दुसऱ्याला सर्व नातलगांनी एकत्र येऊन व्यसनी माणसाला खडसावण्याची पद्धत, आणि तिसऱ्याला अल-अ‍ॅनॉनच्या विचारानुसार स्वतःकडे लक्ष देण्याचा मार्ग. पहिल्या गटातील ६४ टक्के आप्तांची माणसे उपचारांस तयार झाली, दुसऱ्यातील ३० टक्के आणि तिसऱ्यातील १३ टक्के. अल-अ‍ॅनॉनचा उद्देशच मुळी दुसऱ्याला उपचारांस लावण्याचा नसल्यामुळे तिच्या आकड्याने तिला कमी लेखू नये. परंतु या अभ्यासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आकड्यांच्या तुलनेत झाकली जाते: तिन्ही गटांतील आप्तांचे स्वतःचे नैराश्य, संताप आणि शारीरिक तक्रारी सारख्याच प्रमाणात कमी झाल्या. त्याची दारू सुटेल तेव्हाच मला शांतता मिळेल, ही ज्या स्त्रीची वर्षानुवर्षांची ठाम समजूत आहे, तिने हा निष्कर्ष पुन्हा एकदा वाचावा.

मेयर्स यांच्या पद्धतीत खडसावणे नाही, विनवणी नाही आणि दारूच्या बाटल्या मोरीत ओतणेही नाही. तो शुद्धीत असताना त्याच्याबरोबर बसावे, बोलावे, त्याला आवडणारे काही करावे. तो पिऊन आला की वाद न घालता, ताट वाढून न ठेवता, शांतपणे दुसऱ्या खोलीत निघून जावे. आणि त्याच्या पिण्याचे जे परिणाम स्वाभाविकपणे त्याच्यावर यायचे ते येऊ द्यावेत. बोलायचे असेल तर सकाळी, चहाच्या वेळी, थोडक्यात आणि स्वतःविषयी बोलावे. “तुम्ही माझ्या आयुष्याची माती केलीत,” या वाक्याला उत्तर म्हणून भांडण येते, “अहो, काल रात्री मुलं घाबरली होती आणि मीही घाबरले होते. यापुढे तुमच्या रजेसाठी साहेबांना मी फोन करणार नाही,” या वाक्याला लगेच उत्तर सापडत नाही. मर्यादा आखण्याचा अर्थ अनेकजणी दुसऱ्याला हुकूम देणे असा घेतात. “उद्यापासून प्यायलात तर बघा,” हा हुकूम झाला, आणि तो पाळणे न पाळणे त्याच्या हाती; आपण स्वतः काय करू आणि काय करणार नाही, एवढेच ज्यात सांगितले ती मर्यादा, आणि ती पाळणे सर्वस्वी आपल्या हाती. म्हणून जे करण्याची आपली तयारी नाही ते बोलू नये. माहेरी जाण्याची दहा वेळा पोकळ धमकी देणारीपेक्षा, फक्त रजेचा अर्ज न लिहिण्याचा छोटासा निश्चय करून तो पाळणारी स्त्री कितीतरी पुढे जाते.

आणि तो पहिला सोमवार सर्वांत कठीण असतो. दहा वाजतात, कचेरीतून फोन वाजू लागतो, सासूबाई दारात येऊन उभ्या राहतात, “अगं, उचल की फोन! नोकरी जाईल त्याची,” म्हणतात, आणि ती भाजी चिरत राहते, हात थरथरत असतो, आपण पापिणी आहोत असे तिला वाटत असते, आणि घरातले प्रत्येक माणूस ते खरे आहे अशा नजरेने तिच्याकडे पाहत असते. ही अपराधाची भावना येणारच, हे तिला आधी सांगून ठेवले पाहिजे. जुनी वहिवाट मोडली की कुटुंब सर्व बाजूंनी जोर लावून तिला मूळ जागी आणू पाहते, आणि त्या दिवसांत तो अधिक पितोही, अधिक चिडतोही. पुष्कळ निश्चय याच आठवड्यात ढासळतात. या वेळी पाठीशी उभे राहणारे एक तरी माणूस, बहीण, शेजारीण किंवा समुपदेशक, अगोदर गाठून ठेवणे ही निश्चयाइतकीच आवश्यक तजवीज आहे.

दोन बाबतींत मात्र ‘परिणाम येऊ द्यावेत’ हे सूत्र लावू नये. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत अंगाला कंप सुटणे, फिट येणे, भास होणे, भ्रमिष्टासारखी अवस्था होणे असे प्रकार घडून प्राणावर बेतू शकते. तेव्हा पैसे काढून घेऊन किंवा खोलीत कोंडून घरच्या घरी दारू सोडवण्याचा प्रयोग कोणी करू नये, ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे. दुसरी बाब मारहाणीची. जिथे हात उगारला जातो तिथे मर्यादा, संवाद आणि धीर यांचा क्रम नंतर लागतो. आधी स्वतःचा व मुलांचा जीव सुरक्षित करायचा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मारहाणीइतकाच आर्थिक छळही हिंसेत धरला आहे, म्हणजे पगार दारूत उडवून घरखर्चास न देणे किंवा स्त्रीधन विकून टाकणे याविरुद्धही दाद मागता येते, आणि १८१ हा महिलांसाठीचा मदतक्रमांक आहे.

दारू सुटल्यानंतरच्या काळाबद्दल मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे, आणि कितीतरी घरे त्याच काळात विस्कटतात. शुद्धीवर आलेला नवरा दहा वर्षांनी घराचे व्यवहार हाती मागतो; दहा वर्षे ते व्यवहार एकटीने पाहिलेली बायको त्याला विजेचे बिल भरायला पाठवतानाही दोनदा विचार करते, आणि तो पंधरा मिनिटे उशिरा आला की पुन्हा जिन्याकडे कान लावते. तो म्हणतो, “आता तरी विश्वास ठेव,” आणि तिला इतक्या वर्षांचा साठलेला राग नेमका आताच, सगळे सुरळीत होत असताना, उसळून येतो. हे अस्वाभाविक नाही. सुरळीत झाल्याशिवाय रागावण्याइतकी सुरक्षितता तिला मिळालेलीच नसते. या टप्प्यावर विश्वास मागून मिळत नाही. तो ठरल्या वेळी घरी आल्याने, ठरलेली रक्कम दरमहा हाती ठेवल्याने, मुलाच्या शाळेत पालकसभेला स्वतः गेल्याने, हप्त्याहप्त्याने जमा होतो, आणि त्याला दोन-तीन वर्षेही लागू शकतात. थोरल्या मुलीला या काळात तिच्या कारभारातून विधिपूर्वक मोकळे करावे लागते: धाकट्याचा अभ्यास आता बाबा घेतील, आईला काही सांगायचे असेल तर बाबा स्वतः सांगतील, असे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, आणि ती ऐकणार नाही तेव्हा पुन्हा सांगावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे काम दीर्घकाळ निष्ठेने करणारी संस्था म्हणून पुण्याच्या येरवडा भागातील ‘मुक्तांगण’चा उल्लेख करणे मला कर्तव्य वाटते. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीच्या साहाय्याने, ती सुरू केली; आणि व्यसनी माणसाच्या जोडीने त्याच्या घरच्यांनाही आधार लागतो हे ओळखून तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालवला जातो. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने ऑरफर्ड व सहकाऱ्यांची पाच पायऱ्यांची पद्धत, म्हणजे शांतपणे ऐकून घेणे, माहिती देणे, आजवरच्या वागण्याचे फायदेतोटे एकत्र तपासणे, आधाराची माणसे शोधणे आणि पुढील गरजा ओळखणे, ही प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकरवी कुटुंबीयांपर्यंत नेण्याचे काम केले आहे. ज्याला यांतले काहीच जवळ नाही त्याच्यासाठी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदतक्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे दोन्ही विनामूल्य आहेत, आणि तिथे फोन करण्यासाठी घरातला व्यसनी माणूस तयार असण्याची गरज नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती सोसणाऱ्या स्त्रीला नाही, तिच्या भोवतीच्या आपणा सर्वांना आहे. तुमची भाची, वहिनी किंवा शेजारीण एखाद्या संध्याकाळी दबक्या आवाजात काही सांगू लागली, तर तिला “थोडं सहन कर, सगळं ठीक होईल” असे सांगू नका आणि “सोडून दे त्याला” असेही सांगू नका. तिचे सर्व बोलणे ऐकून घ्या, आणि ज्या सोमवारी ती फोन उचलणार नाही असे ठरवील, त्या दिवशी सकाळी दहा वाजता तिच्या घरी जाऊन बसा.